किती उतरलं, काय उतरलं

विषय साठीनंतरच्या वजनाचा आहे. बोलणारे दोघं नागपूरच्या एकाच घरातले, दीर आणि भावजय. दोघांनीही पासष्टी ओलांडली आहे, दोघांनीही या विषयावर भरपूर वाचलं आहे, आणि दोघंही सहजासहजी हार मानणारे नाहीत.

दीर : वहिनी, तुम्ही माझं ताट पाहून गप्प बसता, म्हणून आज आधी माझं सगळं ऐकून घ्या. मी दिवसातून दोनदा जेवतो. सकाळी दहाच्या पुढे भूक लागते तेव्हा एकदा आणि रात्री आठच्या आत एकदा. प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवतो. मधल्या वेळात पाणी, बिनसाखरेचा कोरा चहा किंवा घरच्या दह्याचं पातळ ताक. चिवडा नाही, बिस्किट नाही, चौकातले तर्री-पोहे नाहीत, कोणाकडे गेलो आणि संत्रा बर्फी पुढे आली तर हात जोडतो. शिवाय पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. ही कल्पना आपल्याच नागपूरच्या माणसाची आहे. डॉ. श्रीकांत जिचकार. काटोलकडचे, एम.डी. झालेले, वकिली शिकलेले, सनदी सेवेत निवडले गेलेले, १९८० साली ऐन पंचविशीत आमदार. २ जून २००४ ला कोंढाळीजवळ अपघातात गेले तेव्हा पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की आपण जितक्या वेळा खातो तितक्या वेळा इन्सुलिन सुटतं, आणि रक्तात ते जास्त असेपर्यंत शरीर साठवण्याच्या कामाला लागलेलं असतं. साठवलेली चरबी बाहेर काढायला त्याला सवडच मिळत नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी त्यांचं व्याख्यान ऐकलं, स्वतःवर करून पाहिलं आणि मग महाराष्ट्रभर सांगत फिरले. फी नाही, औषध नाही, विकत घ्यायची पावडर नाही. या वयात माणसाला असंच काहीतरी हवं असतं, जे लक्षात राहतं आणि खिशाला लागत नाही. माझ्या पँटी ढिल्या झाल्या, तीन महिन्यांची शुगर खाली आली, जिना चढताना गुडघा कुरकुरत नाही. आता सांगा, यात वाईट काय आहे?

भावजय : वाईट काही नाही, अपुरं आहे. तुम्ही रोज सकाळी काट्यावर उभे राहता आणि आकडा खाली गेला की घरभर सांगता. पण वजनकाटा रद्दीवाल्याच्या तराजूसारखा असतो, भाऊजी. किती किलो भरली ते सांगेल. त्यात जुने पेपर किती आणि कपाटातली चांगली पुस्तकं किती गेली, हे सांगणार नाही. माणसाचं वजन उतरतं तेव्हा सगळी चरबीच जाते असं नाही. साधारण पाव हिस्सा चरबीखेरीज बाकीच्याचा असतो, आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा. पस्तिशीच्या माणसाला ते परवडतं, तो भरून काढतो. आपल्याला नाही परवडत. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. म्हणजे आपण काहीही केलं नाही तरी जे आपोआप चाललंच आहे, त्यालाच तुम्ही आणखी जोर लावताय. आणि पुढे वजन परत आलं तर? बऱ्याच जणांचं येतं. जाताना चरबी आणि स्नायू दोन्ही गेलेले असतात, परत येताना मुख्यतः चरबी येते. असं दोन-तीनदा झालं की माणूस जुन्याच वजनावर पण कमी ताकदीचा उरतो. मी तुम्हाला मागे विना हाताच्या खुर्चीवर बसवलं होतं, आठवतं? दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषाला बारा वेळाही जमलं नाही, तर पाय कमजोर झाले असं समजतात. बाईसाठी तो आकडा अकरा. तुम्ही मध्येच मांडीवर हात टेकवला होता. त्या दिवशी काट्यावर मात्र तुम्ही खूश होता.

दीर : टेकवला होता, कबूल. पण त्याच गुडघ्याचं बोलू. गुडघे झिजलेल्या वयस्क माणसांवर अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात दिसलं की वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. दिवसाला हजारो पावलं पडतात. हे स्नायू वाढवून मिळालं असतं का? आणि तुम्ही स्नायूंचं बोलता तसं मला पोटाचं बोलू द्या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१. आपण वरून सडपातळ दिसतो तेव्हाही आतून तसे नसतो. म्हणून तर भारतीयांसाठी जाडीची रेघ तेवीसवर ओढली, कंबर पुरुषाची नव्वद सेंटिमीटर आणि बाईची ऐंशी. काही पाश्चात्त्य अभ्यासांत म्हातारपणी थोडं वजन असलेलं बरं असं निघतं, ते त्यांच्या अंगाला लागू असेल. आपल्या पोटाला नाही. बरं, दोन जेवणांवर माझाच भरवसा आहे असं नाही. प्रागमध्ये २०१४ साली टाइप टू मधुमेहाच्या ५४ रुग्णांना सारख्याच उष्मांकांचं अन्न बारा आठवडे दोन जेवणांत आणि बारा आठवडे सहा जेवणांत दिलं. दोन जेवणांत वजन जास्त उतरलं, ३.७ किलो विरुद्ध २.३. इंग्लंड-स्कॉटलंडमधला २०१७ चा 'डायरेक्ट' अभ्यास तर मोठाच: वजन उतरवून जवळजवळ निम्म्या लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधाशिवाय आटोक्यात. हे सगळं सोडून मी खुर्चीवर उठबस करत बसू?

भावजय : तुम्ही वाचता चांगलं, पण आपल्या सोयीचं थांबून वाचता. प्रागची दोन जेवणं कोणती होती? नाश्ता आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवणच नव्हतं. आपल्याकडे दोन वेळा जेवणारी माणसं सोडतात ती सकाळची भूक आणि ठेवतात ते रात्रीचं ताट, कारण रात्री सगळं घर जेवतं. 'डायरेक्ट'मध्ये पासष्टीपुढचं कोणी घेतलंच नव्हतं. आणि २०२० साली अमेरिकेत दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खाण्याचा प्रयोग झाला, ११६ माणसांवर, तेव्हा इतरांच्या तुलनेत वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा निघाला. त्यामुळे किती वेळा खातो यात जादू आहे असं मला वाटत नाही. एका बाजूला दीक्षित दोनदा सांगतात, दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खायला सांगतात, आणि दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मला माहीत आहेत. दोन्हीकडे साखर आणि तळण सुटलं, चालणं सुरू झालं. माझ्या मते निम्मं श्रेय त्याचंच.

आता तुमच्या ताटाकडे या. आपल्या वयाला रोज किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिन हवं, एक-दोन दशांश वर असलं तर उत्तम. तुमचं वजन सत्तर धरलं तर सत्तर ते चौऱ्याऐंशी ग्रॅम. दोन जेवणांत बसवायचं म्हणजे एकेका ताटात पस्तीस-चाळीस. मोजा मग. शिजलेल्या वरणाची एक वाटी, सहाएक ग्रॅम. दोन पोळ्या, सहा. मोड आलेली मटकी वाटीभर, सात-आठ. दही वाटीभर, पाच. मूठभर शेंगदाणे, सात. बेरीज बत्तीसच्या आसपास, आणि तोवर तुमचं पोट भरलेलं असतं. तुम्ही तर आधी काकडी-गाजराची थाळी संपवता आणि वरण अर्धी वाटी घेता. मग दोन अंडी किंवा शंभर ग्रॅम पनीर कुठे बसवणार? दिवसात तीन ठिकाणी वाटून खाल्लं तर बसतं. आणि एक धोक्याची गोष्ट तुम्ही कधी कोणाला सांगत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असलेल्या माणसाने डॉक्टरला न विचारता एकाएकी जेवणं कमी केली तर शुगर धाडकन खाली जाते. म्हातारा माणूस त्या चक्करीने मोरीत पडला तर वजनाचं सगळं राहिलं बाजूला.

दीर : डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये, हे बरोबर. दीक्षितही आधी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि तीन महिन्यांची शुगर तपासायला सांगतात. लोक ती पायरी गाळतात. मी कोणाला सांगताना ती पायरी आधी सांगायला हवी. पण वहिनी, तुमच्या हिशेबात एक माणूस सुटतो, तो म्हणजे निवृत्त माणूस. नोकरीत होतो तेव्हा दिवसाला आकार होता. साडेनऊला डबा, दीडला जेवण, साडेपाचला घर. तो आकार एका दिवसात गेला. मग काय उरतं? सकाळचा चहा, त्याच्यासोबत काहीतरी; पेपर, त्याच्यासोबत काहीतरी; अकराला कोणी आलं, पुन्हा चहा; चारला भूक नाही पण वेळ आहे. चाळिशीनंतर शरीर मंदावतं म्हणून वजन वाढतं असं सगळे म्हणतात. २०२१ साली एकोणतीस देशांतल्या सहा हजारांवर माणसांची मोजदाद छापून आली, तिच्यात दिसलं की विशीपासून साठीपर्यंत शरीराचा जाळ जवळजवळ तसाच राहतो. साठीनंतर वर्षाला पाऊण टक्क्याच्या आतबाहेर उतरतो. म्हणजे आमचं पोट सुटलं ते शरीराच्या मंदपणामुळे कमी आणि दिवसाच्या मोकळेपणामुळे जास्त. त्या मोकळ्या दिवसाला कुंपण हवं. 'थोडं कमी खा, संतुलित खा' हे कुंपण नाही. प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, आणि ठरवायची वेळ आली की मी हरतो. 'दोनदाच' म्हटलं की ठरवायचं उरत नाही. आपल्याकडे चातुर्मासात एकभुक्त राहणारी माणसं होती, एकादशी धरणारी आहेत. त्यांच्या मनाचा निश्चय माझ्याहून मोठा होता असं मी मानत नाही. त्यांच्याजवळ नियम होता आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत होता. तीच माझी उमेद. साठीनंतर उमेद आतून येत नाही, ती बाहेर कुठेतरी बांधून ठेवावी लागते.

भावजय : हे तुमचं पटलं, आणि तुमच्या सगळ्या बोलण्यातलं हेच मला खरं वाटतं. पण ती एकभुक्त माणसं जेवायची ते रांधायचं कोण? तुमच्या दोन जेवणांना या घरात किती वेळ लागतो ते कधी पाहिलं? मटकी भिजवा, मोड आणा, कोशिंबीर ऐनवेळी चिरा नाहीतर पाणी सुटतं, तुमचं ताट साडेदहाला, ह्यांचं साडेबाराला, नातवाचा डबा सातला. तुमच्या नियमाने तुमचा दिवस बांधला गेला आणि माझा विस्कटला. आणि माझं वजन? पन्नाशीच्या आसपास पाळी गेली, तेव्हापासून जे मांड्यांवर होतं ते पोटावर चढलं, हे जवळपास प्रत्येक बाईचं होतं. त्यात भर कशाची? मी ओट्याशी उभी असते. पातेल्याच्या बुडाला भाताचे चार घास उरलेले असतात, ते फेकवत नाहीत. डब्यात अर्धी पोळी परत येते, ती तोंडात जाते. सांबारवडी तळताना झाली की नाही हे पाहायला पहिली मोडते ती मीच. याला जेवण म्हणायचं की नाही? तुमच्या पंचावन्न मिनिटांत हे कुठे धरायचं? बायकांना खाण्याचा नियम सांगणाऱ्याने आधी हे उरलेलं अन्न कोणाच्या पोटात जातं ते विचारावं. मी एक केलं, तेवढं सांगते. उरलेलं लगेच डब्यात घालून फ्रीजमध्ये, नाहीतर गायीला. आणि वाढायच्या आधी माझं ताट बाजूला वाढून ठेवते. डाएटच्या कुठल्या तक्त्यात हे मला दिसलं नाही, पण माझ्या कंबरेवर सगळ्यात जास्त परिणाम याचाच झाला.

नियमाचं दुसरंही एक आहे. आपल्या गावाचं वर्ष त्याला टिकू देत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे, सकाळी सातला फुटाळ्यावर चालायचं तरी घाम फुटतो, नवतपात तर घराबाहेर पाय काढवत नाही. त्याच दिवसांत लग्नं आणि आमरस. भाद्रपदात महालक्ष्म्यांचं जेवण, दिवाळीत फराळ, थंडीत हुरडा. नियम जितका कडक, तितका तो एकदा मोडल्यावर माणूस सगळंच सोडून देतो. 'आता दिवाळीनंतर पाहू' हे वाक्य मी या घरात पुष्कळ ऐकलं आहे.

हा संवाद लिहिताना इथे मला मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. वजनावरच्या लेखांत बाईच्या वजनाबद्दल आणि बाईच्या स्वयंपाकाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं, पण दोन्ही एकाच बाईचं असतं हे क्वचित दिसतं. घरातल्या एका माणसाचं पथ्य म्हणजे दुसऱ्या माणसाचं काम असतं. दिराला हे ऐकायला अवघड गेलं, पण त्याने ते ऐकलं. आणि त्याचं उत्तर थोडं वेगळ्याच ठिकाणाहून आलं.

दीर : चिरणं-निवडणं उद्यापासून माझं. ते वादासाठी नाही, ते व्हायलाच हवं होतं. पण मी इतका अडून का बसतो ते सांगतो. आईचं मी पाहिलं आहे. तिची शुगर वीस वर्षं होती. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली, जखम भरेना, दोन बोटं काढावी लागली. नजर गेली. शेवटची वर्षं ती कोण आलं हे आवाजावरून ओळखायची. मला माझ्या अंगात तेच रक्त आहे हे माहीत आहे. म्हणून मला ताकदीचं सुचत नाही, मला शुगरचा आकडा दिसतो. तो आकडा पोटाच्या घेराबरोबर खाली येतो, हे मी स्वतः अनुभवलं. तुम्ही म्हणाल थोडे स्नायू गेले. आईचे डोळे गेले त्यापुढे ते काहीच नाही.

भावजय : त्याच बाईचं मी केलं आहे, भाऊजी. तुम्ही तेव्हा बदलीच्या गावी होता. सासूबाईंचे डोळे गेले, बोटं गेली, तरी त्या घरात वावरत होत्या, देवपूजा करत होत्या, माझ्यावर ओरडत होत्या. त्या संपल्या ते पडल्या तेव्हा. रात्री उठून मोरीकडे निघाल्या, पाय उचलला गेला नाही, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उभं राहायला पायात काही उरलंच नव्हतं. आधीच्या दोन वर्षांत त्यांचं वजन खूप उतरलं होतं आणि आपण सगळे म्हणत होतो, बरं झालं, शुगरला चांगलं आहे. मला विचाराल तर आपण त्यांची शुगर सांभाळली आणि पाय विसरलो. तुम्हाला त्यांचा अंगठा आठवतो, मला त्यांना उचलून कुशीवर वळवणं आठवतं. त्यामुळे आपण एकाच घरात राहून एकमेकांना समजत नाही.

दीर : मग तुमचा नियम सांगा. माझ्या नियमाइतका सोपा हवा. 'प्रथिन खा, व्यायाम करा' असं नको.

भावजय : सोपा नाही, पण लहान आहे. आपण लहान होतो तेव्हा सगळं जमिनीवर होतं. जेवण पाटावर, विळी, पाटा-वरवंटा, धुणं, भांडी. दिवसातून कितीदा तरी खाली बसायचं आणि उठायचं. ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला आणि पायांचं काम संपलं. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला लावलं. हात-गुडघ्याचा आधार जास्त लागणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू पाच-सहा पटीने जास्त दिसले. आपल्या विदर्भात तर १९१४ पासून अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, गावोगाव आखाडे होते, जोर-बैठका कोणाला शिकवाव्या लागत नव्हत्या. पुरुषांनी त्या पंचविशीत सोडल्या आणि बायकांना कोणी सांगितल्याच नाहीत. तर नियम एवढाच: चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत खुर्चीवरून उठबस. ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीला हात टेकून दंड. आठवड्यातून दोन दिवस पाण्याच्या बाटल्या भरून हात. दोन महिन्यांनी बाटली मोठी, खुर्ची बुटकी. वाढवत गेलं तरच उपयोग. गुडघ्यात फार दुखत असेल किंवा बीपी चढलेलं असेल तर आधी विचारून. आणि तीन वेळा खाणं, प्रत्येक वेळी ताटात वरण, अंडं, दही, पनीर, सोयाबीन यांपैकी दोन. वजन उतरवायचं असेल तर भात-पोळीतून आणि तेलातून उतरवा, वरणातून नाही.

तुम्ही म्हणाल या वयात स्नायू काय वाढणार. १९९० साली बोस्टनच्या वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायातली ताकद पावणेतीन पट झाली. नव्वदीत! आणि तुमच्या वजनाच्या बाजूचंही सांगते, कारण ते मी सोडून दिलेलं नाही. २०१७ साली अमेरिकेत पासष्टीपुढच्या १६० जाड माणसांवर अभ्यास झाला, त्यातल्या बहुतेकांचं वजन उतरवलं. काहींना नुसतं चालणं दिलं, काहींना नुसतं वजन उचलणं, काहींना दोन्ही. चालणाऱ्यांचे ५ टक्के स्नायू गेले, दोन्ही करणाऱ्यांचे ३. उठणं-बसणं, जिना चढणं यांत सगळ्यात पुढे दोन्ही करणारे गेले. तुम्ही साडेचार किलोमीटर चालता ते सोडू नका. त्यातला एखादा दिवस बैठकांना द्या, एवढंच मागणं आहे.

दीर : ऐकायला चांगलं आहे, पण उमेदीचं काय? काटा मला रोज काहीतरी सांगतो. तुमची ताकद कोण सांगणार? फुटाळ्यावर भेटणारी माणसं विचारतात, 'किती उतरलं?' कोणी विचारत नाही, 'किती वेळा उठलात?' वजन उतरलं की फोन येतात, लोक नियम विचारतात. त्या विचारण्यावर मी चालतो, हे मी लपवत नाही. आणि काट्यासमोर सबब चालत नाही. चार दिवस लग्नात खाल्लं की तो सांगतो. ताकदीचं मात्र मनाला हवं तसं मानून घेता येतं.

भावजय : काटा पाण्याचंही सांगतो, भाऊजी. मीठ जास्त झालं, पोट साफ झालं नाही, तरी किलोभर इकडेतिकडे. तुम्ही त्या किलोवर दिवसभर खूश किंवा नाराज असता. आणि तीन-चार महिन्यांनी काटा थांबतोच, सगळ्यांचा थांबतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी लागतं. नेमकी तिथेच माणसं सोडून देतात. ताकदीचं उलट आहे. पहिल्या महिन्यातच कळतं. गॅसचं सिलिंडर सरकवता येतं, बाजाराची पिशवी या हातातून त्या हातात करावी लागत नाही, रात्री पलंगावरून उठताना कठडा धरावा लागत नाही. हे कोणी विचारत नाही, खरं आहे. पण ते दिवसातून दहादा स्वतःला कळतं. मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा, अर्ध्या मिनिटाची उठबस मोजा, दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि शुगरचं म्हणाल, तर चेन्नईला २००६ साली छापलेला अभ्यास आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांपैकी ज्यांना खाणं सुधारायला आणि हालचाल वाढवायला लावलं, त्यांच्यात मधुमेह २८ टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांचं वजन म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं.

दीर : त्या अभ्यासातली माणसं पस्तीस ते पंचावन्न वयाची होती. मघाशी तुम्ही 'डायरेक्ट'च्या वयावर बोट ठेवलं होतं, आता माझी पाळी. आणि ती उंबरठ्यावर होती. मी आत येऊन बसलो आहे. आत आलेल्याला नुसती उठबस पुरत नाही, पोट उतरावंच लागतं.

भावजय : हे मान्य. तुमच्यासाठी पोट उतरणं गरजेचं आहे, मी ते कधी नाकारलं नाही. माझं म्हणणं, जे उतरतं त्याचा हिशेब ठेवा.

दीर : आणि माझं म्हणणं, हिशेब ठेवताना उतरवायचं राहून जाऊ नये. पुष्कळ लोक तुमचं ऐकून 'आमचं वजन स्नायूंचं आहे' म्हणत पुरणपोळी घेतील. मला भीती त्यांची आहे. बरं, हे सोडा. दादांना काय सांगायचं? ते चौऱ्याहत्तरचे. माझं पाहून तेही म्हणून राहिले की मी रात्रीचं सोडतो.

भावजय : ह्यांना दोघांपैकी कोणाचाच नियम सांगायचा नाही. गेल्या सहा-आठ महिन्यांत ह्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला आहे. ह्यांनी काही सोडलेलं नाही, चालणं वाढवलेलं नाही, तरी. या वयात न ठरवता वर्षभरात पाच टक्के वजन गेलं तर ते आधी डॉक्टरांना दाखवायचं असतं. थायरॉइड असेल, शुगर चढलेली असेल, दातांनी चावता येत नसेल, मन उदास असेल, आणखी काही असेल. मी चार वेळा म्हटलं, जाऊन येऊ. ते जात नाहीत. ते खूश आहेत, भाऊजी. कारण या घरात वजन उतरलं की कौतुक होतं, असं त्यांनी तुमच्याकडून पाहिलं आहे.

दीर : मग डॉक्टरकडे मी घेऊन जातो त्यांना, या आठवड्यातच. पण त्यांना पन्नाशीत, पोट सुटायला लागलं तेव्हा, कोणी असं कौतुक करून दोन जेवणांवर आणलं असतं, तर आजची त्यांची बीपीची आणि शुगरची गोळी तरी टळली असती की नाही, याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

भावजय : नाही दिलं. टळली असती, असं मलाही वाटतं. आणि तेच कौतुक कोणत्या वयाला थांबवायचं, याचं तुम्ही दिलेलं नाही.